चुंबळ

रुबाब तडवीच्या डोक्यावर बत्तीस तारांची टोपी,
पाठीवर यंत्राची पिशवी.
त्यानं एकच विचारलं,
"मंग चुंबय कुठी ठिऊ?"
उत्तर माझ्या अर्जात नव्हतं.
घड खांद्यावर घेतला त्यानं
आणि निघाला केळीतून
ट्रॅक्टरपर्यंत, परत, पुन्हा.

रात्री यावलच्या लॉजवर मी रेघा गाळत बसलो.
मान वळली, ती काढली.
तंबाखू चघळली, काढली.
बायकोला हाक मारून हसला,
तो तर पडद्यावर अख्खा सातपुडा.
तोही काढला. नियमच आहे:
स्नायूंचा गलका गेला की मेंदू उरतो.

उरला थोडाच.
पण दर फेरीला, नवव्या ओळीशी,
पाऊल उचलायच्या जरा आधी
एक बारीक लाट.
जमीन तर सपाट.

सकाळी त्याला तिथं नेऊन उभं केलं.
ठिबकची नळी पायानं सरकवत म्हणाला,
"अठी पाट व्हता. बुजला.
सात-आठ वरीस झाले आसतीन."

पुन्हा टोपी चढवताना दिसलं:
टाळूवर चुंबळीएवढं गोल,
केस नाहीत, कातडी निबर.
तिथला एक सेन्सर
कालपासून काहीच बोलत नव्हता.