ऑडिटचा दिवस नव्हता

सिव्हिलमध्ये बुधवारी बोर्ड बसायचा.
डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, टेप लावली,
उजवी पोटरी, डावी पोटरी,
आणि मान वर न करता म्हणाले, पंचावन्न.
आई बाहेर बाकावर. तिला वाटलं, मार्क.
म्हणाली, पास झालीस ना?

झाले की.
चाळिसाच्या वर सगळे पास.
रांगेत माझ्यापुढचा वाल्मीक मात्र राहिला.
सातपूरला पॉवर प्रेसनं त्याची दोन बोटं नेली,
ती टक्क्यांत फारशी भरली नाहीत.

अंबडच्या कंपनीला आम्ही सहा जण हवे होतो.
गिऱ्हाईक परदेशातलं, त्याच्या फॉर्मात एक रकाना,
शंभरात चार.
दीडशे माणसांत सहा, हिशेब चोख.
केदारे मॅडम गोड बोलल्या,
येण्याजाण्याचे हाल कशाला तुमचे?
सात तारखेला पगार खात्यात.
बोलावलं की या.

बोलावलं. वर्षातून दोनदा.
त्या दिवशी गाडी दारात,
गेटपाशी रांगोळी, आणि रॅम्प प्लायवुडचा,
संध्याकाळी सुतार उचलून न्यायचा.
निळ्या एप्रनवर घडीच्या रेघा तशाच.
मशीनजवळ उभं करायचे आम्हाला,
मशीन बंद करून.
धात्रकांच्या तेजसला ऐकू येत नाही,
तो बोटांनी सांगायचा:
आपण लग्नाच्या हॉलमधली प्लॅस्टिकची झाडं.
हसू दाबताना माझं कॅलिपर वाजायचं.

उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस
सिडकोतल्या दोन खोल्यांत मी नोकरीला होते.
शेजारणी विचारायच्या, आज सुट्टी?
मी म्हणायचे, सेकंड शिफ्ट.
दुपारी विचारलं तर, नाईट.
पगाराचा मेसेज आला की फोन उपडा ठेवायचे.
वहिनी म्हणाली, नशीब लागतं असं.
खरंय. तिच्याच पोराची फी गेली त्यातून.
मी तक्रार करत नाही.
म्हणजे, करतेय. पण काय म्हणून करायची,
बसून पगार मिळतो म्हणून?

एका मंगळवारी डबा भरला,
मेथी, दोन भाकऱ्या, ठेचा.
सिटीलिंकनं एक्सलो पॉइंट, तिथून पायी,
तुमच्या पायांनी आठ मिनिटं,
माझ्या पंचवीस.
बागूल वॉचमन दचकून उठला,
"ऑडिट आहे? मला कोणी बोललंच नाही!"
नाही, म्हटलं.
"मग?"
मग काय. कामाला आले.

मशीननं अंगठा ओळखला नाही.
चार वर्षांची नोकरी, पहिल्यांदा अंगठा.
बागूलनं फोन लावला, स्वतःची खुर्ची पुढे सरकवली.
मी बसले नाही.
मग बसले. पाय दुखत होता.

तास-दीड तासानं स्टोअरमागे एक स्टूल मिळालं,
समोर वॉशरची पाटी.
सुपरवायझर म्हणाला, बघा जमतंय का,
नाहीतर राहू द्या.
बोटाचं टोक कडेवरून फिरवायचं,
कूस लागली की तांबड्या डब्यात.
पहिले पन्नास भीतभीत.
मग बोटालाच कळायला लागलं,
मी खिडकीतून पलीकडच्या शेडवरची कबुतरं बघत होते.

भोंग्यापर्यंत अकराशे चाळीस.
त्यातले सव्वीस नापास, मी केले.
त्यांचे टक्के काढायला कोणी सांगितलं नाही,
मीही काढले नाहीत.

डबा उघडला. भाकरीला ऑइलचा वास.
बागूल गेटवरून आला, टोपी हातात,
"मॅडम बोलल्या, उद्या नका येऊ. त्रास होईल."

मी विचारलं, सकाळची पाळी कितीला सुरू होते?

"सातला," म्हणाला.
जायला वळला, थांबला,
इकडेतिकडे पाहिलं.
"सहा दहाची बस धरा."