वर्ग

शासन निर्णय सोमवारी आला, साडेतीन पानी.
यापुढे गंभीर गुन्ह्यांचा तपास
पोलीस ठाण्याकडे नाही,
राज्याच्या नव्या विभागाकडे. मुख्यालय पुणे.
आमचे अकरा गुन्हे वर्ग.

मी मुद्देमाल कारकून,
बक्कल नंबर अकराशे सत्तेचाळीस.
साहेब म्हणाले, बांधाबांध करा, गाडी गुरुवारी येते.
बांधा, पण कशात?
शेवटी सातपूरच्या एका पॅकहाऊसवाल्याने खोकी दिली,
द्राक्षांची, पाच किलोची, वर हिरवा घड छापलेला,
खाली सूचना : अलगद हाताळा. उन्हात ठेवू नये.
त्यात मी कोयता ठेवला, लाखेचं सील शाबूत.
एक दोरी, एक शर्ट, डावी बाही नसलेला,
एक दगड, ज्याची पावती मी स्वतः फाडली होती :
दगड, नग एक.

गुन्हा रजिस्टर नंबर दोनशे सहा.
मयत वाल्मीक पगारे, प्लेटिंगच्या कारखान्यावर
रात्रपाळीचा वॉचमन.
मुठीत चावी. पितळी, दात चार,
कशाची ते अवगत नाही.
हे 'अवगत नाही' सहा वर्षं कपाटात आहे.

खरं सांगतो, आमच्याकडून ते झालंच नसतं.
पाच तपासी अधिकारी बदलले.
पहिल्याला बंदोबस्ताला नेलं, रामकुंडावर,
तो परत आला तेव्हा साक्षीदार बिहारला गेलेला.
दुसऱ्याने शेडची फरशी धुऊ दिली,
मालक म्हणाला, ॲसिड सांडलंय.
चौथा चांगला होता. त्याची बदली लवकर झाली.
पुण्यात म्हणे वेगळी लॅब आहे, वेगळी गाडी,
आणि गणपतीत कोणी दोर धरून उभं राहत नाही.
असेल. चांगलंच आहे.

पण बेबीताई,
वाल्मीकची बहीण, अंबड लिंक रोडवरून येते
दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी,
चप्पल बाहेर काढते, देवळात आल्यासारखी.
या बुधवारीही आली.
आम्ही नेहमी म्हणायचो, तपास चालू आहे.
मी म्हणालो, गुन्हा वर्ग झाला.
ती म्हणाली, म्हणजे वरच्या वर्गात गेला का?
मागे मोहरर हसला. मी नाही हसलो.
म्हणालो, हो. वरच्या.
मग पत्ता लिहून दिला, पिनकोडसकट,
तिने तो पदराला बांधला
आणि विचारलं, तिथं चप्पल कुठे काढायची?

एक गोष्ट रजिस्टरला नाही.
तिसऱ्या वर्षी त्या चावीचा ठसा
मी कपड्याच्या साबणात उठवून घेतला होता,
दहीपुलाजवळच्या चावीवाल्याकडे नेला.
तो म्हणाला, दाराची नाही ही, कपाटाचीही नाही,
पेटीची असेल, जुन्या, हाताने केलेल्या.
वीस रुपये घेतले. कशाला हवी, विचारलं नाही.
तेव्हापासून ती माझ्या जुडग्यात आहे,
घराच्या आणि स्कूटरच्या किल्लीच्या मध्ये.
त्रंबक नाक्यावरच्या भंगारवाल्याच्या पेट्या,
मेहुणीचा रुखवताचा ट्रंक,
एका मेलेल्या वकिलाचं टेबल, लिलावात.
कुठेच बसली नाही. दोनदा अर्धी फिरली.

गुरुवारी गाडी आली, निळी, नवी,
नंबरप्लेटवर अजून हळदीकुंकू.
पोरगा फौजदार होता, वय कोवळं, हात स्वच्छ.
प्रत्येक नग त्याने दोनदा वाचला,
चावीपाशी थांबला, म्हणाला, ही कशाची?
मी म्हणालो, अवगत नाही.
त्याने टिकमार्क केली.
सांगायला हवं होतं, पेटीची असेल म्हणून.
पण मग विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत,
आणि माझी पेन्शन चौदा महिन्यांवर आहे.

गाडी सिन्नरच्या रस्त्याला लागली.
रॅकवर अकरा चौकोन राहिले, धूळ नसलेले.
मी पोचपावती फाईलला लावली,
दिवा बंद केला,
आणि मुद्देमाल खोलीला कुलूप घालताना
सवयीने
आधी तीच चावी लावून पाहिली.