हात रिकामे

रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल, भुसावळ,
एप्रिलातला शेवटला शनिवार.
खुर्च्या साठ, माणसं एकोणीस,
कूलर बंद, कारण आयव्ही टीचर म्हणाल्या, त्याचा आवाज नको.
दिवसा चव्वेचाळीस होतं, भिंती अजून ते परत करत होत्या.
मी तिसऱ्या रांगेत. साईड ड्रम घरी, खाटेखाली.

हिलाल आज माझ्या पुढे नव्हता, समोर होता.
सव्वीस वर्षं मी त्याची पाठ पाहिली:
लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर,
मानेवरून उतरणारी घामाची रेघ.
सावदा, फैजपूर, यावल, एकेका मोसमात साठ वराती.
कोट पाठीवर ताणला की समजायचं
हा आता श्वास घेतोय, तू भरून काढ.
वाजवताना याचे डोळे मिटतात
हे मला ठाऊकच नव्हतं.

पियानोच्या एका पायाखाली
जुनं टाइमटेबल घडी करून सरकवलेलं.
मधली एक पट्टी मुकी, वाळवीनं की वयानं कोण जाणे.
तालमीला हिलाल म्हणालेला,
मले कागद वाचता येत नही, बाई,
तुम्ही निंघा, मी येतो मांगून.
टीचर हसल्या नाहीत.
मागून नको, म्हणाल्या. शेजारून चाल.

तशा त्या निघाल्या.
केळीच्या बागेत रात्री ठिबक सुरू असतं,
कुठल्या झाडाशी थेंब पडला ते दिसत नाही,
नुसतं कळतं की पडला,
तसा त्यांचा उजवा हात.
आणि हिलालचा सॅक्सोफोन,
वरणगावच्या नवरदेवाच्या घोडीनं पोचा पाडलेला,
खाली, अगदी खाली गेला,
विहिरीत उतरलेला माणूस वरच्याला हाक मारतो तसा.
वर येताना त्यानं सूर वाकवला.
अरे, ही तर आपली बिदाईची जागा!
इथं बायका पदर तोंडाला लावतात.
इथं कुणी रडलं नाही,
मुलगी कुठंच जाणार नव्हती.

मग तो थांबला.

बँडवाला थांबत नाही.
थांबला की जनरेटरवाला ओरडतो,
नवरदेवाचा मामा खिशातली नोट परत खिशात घालतो.
थांबल्याचे पैसे कापून घेतात, मोजून.
माझी बोटं गुडघ्यावर आपोआप सुरू झाली.
शेजारी रिटायर गार्डची बायको, तिनं वळून पाहिलं.
मी दोन्ही हात मांडीखाली दाबले
आणि त्यांच्यावर बसून राहिलो.

पंखा कुरकुरला.
टीचरचं बोट त्या मुक्या पट्टीवर गेलं, मुद्दाम,
लाकूड वाजलं फक्त, टक्.
बाहेर यार्डात कुणीतरी डबे जोडत होतं.
हिलालनं मागं वळून पाहिलं.
सव्वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं त्यानं मागं,
गरजच नव्हती.
मागं पडदा होता, मरून रंगाचा,
त्यावर इन्स्टिट्यूटचा शिक्का.

मला उठून म्हणावंसं वाटलं, इकडे रे, इकडे.
तोवर तो पुन्हा शिरला होता,
माझ्याशिवाय, बरोबर समेवर.
हे जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

टाळ्या एकोणीस माणसांच्या मानानं पुष्कळ झाल्या.
टीचरनी झाकण लावलं, वर पर्स ठेवली,
आणि हिलालच्या हातात पाकीट दिलं.
त्यानं ते मोजलं नाही, ही त्याची पहिलीच वेळ.
रीड पुसून खिशात, सॅक्सोफोन टॉवेलात.
उद्या सकाळी सातला निंभोऱ्याची ऑर्डर.

गाडी मी चालवत होतो, तो मागं बसलेला.
कसं झालं रे, सुक्या?
मी म्हटलं, गाल लई फुगतात तुझे.
फाटकाशी मालगाडी आली, लांबच लांब,
मी इंजिन बंद केलं.
तेव्हा त्यानं माझ्या पाठीवर
दोन बोटांनी ठेका धरला,
दर फेरीत एक मात्रा खात होता.
मी सांगितलं नाही.