मनोरा दिसतो का

मोठ्या कंपनीच्या नकाशावरचा हिरवा रंग
फिन्टन मॅकगोवर्नच्या कुंपणापर्यंत येतो
आणि तिथे बिचकतो,
विजेची तार लागलेल्या वासरासारखा.
कुंपणाच्या अलीकडे माझं घर. पांढरं,
म्हणजे नकाशावर.
एरवी शेवाळलेलं.

दुसऱ्या कंपनीचा नकाशा जांभळा. दिलदार.
त्यात तळंसुद्धा जांभळं,
तळ्यातले पाईक मासे बहुधा महिना पंचेचाळीस युरो भरतात.
फोनवरची मुलगी म्हणाली, मिळेल की,
फक्त खिडकीतून एकदा बघून सांगा,
मनोरा दिसतो का?

मी बघितलं.
वनखात्याचे स्प्रूस दिसले,
शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे,
दरवर्षी हातभर उंच.
त्यांच्या पलीकडे लोखंडाचा डोंगर,
तो त्या दिवशी ढगात होता.
दिसतो, मी म्हणाले.
मग वाटलं, शपथेवर बोललेलं लिहिण्यात माझा जन्म गेला,
मला हे शोभत नाही.
नाही दिसत, म्हणाले, आणि फोन ठेवला.

काम ते असं:
कोर्टातल्या साक्षी ऐकायच्या आणि उतरवायच्या.
पण आधी फाइल उतरली पाहिजे,
मग मी ती उतरवणार.
दीड तासाची साक्ष माझ्या घरी रात्रभर उतरत राहते,
पहाटे नव्याण्णव टक्क्यांवर मान टाकते.
आडात भरपूर आहे म्हणतात; पोहराच पोचत नाही.
म्हणून तीन हिवाळे
वाचनालयाच्या मागच्या अंगाला, गाडीत,
मांडीवर लॅपटॉप, खांद्यावर घोंगडी,
आणि कानात कुणी अनोळखी सांगतंय
त्या रात्री त्याने दाराला कडी घातली नव्हती.
काचेवर माझीच वाफ.

शेवटी मॅलकी आला.
मॅलकीची कंपनी म्हणजे मॅलकी, एक शिडी,
आणि बिलं पाठवणारी त्याची बहीण.
ऐंशी-पंच्याऐंशी घरं. नकाशा नाही.
"नकाशा कशाला," म्हणाला, "मी येतो की."
छपरावर चढला, धुराड्याला मिठी मारून दुर्बीण लावली.
स्प्रूस.
गॅरेजवरून, स्प्रूस.
मग तबकडी डोक्यावर धरून
पाणाड्यासारखा माझ्या परसात फिरत राहिला,
चार पावलं, थांब, दोन पावलं मागे,
ओठ हलत होते, आकडे असावेत,
आणि कोंबड्यांच्या खुराड्यावरून एकदम ओरडला,
"मिसेस गिलहूली! या, या लवकर!"

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी खुराड्यावर चढले.
आग अडवायला दोन रांगांमध्ये सोडलेली फट,
फटीत डोंगर, डोंगरावर
सुईएवढं काहीतरी.
"तोच," तो म्हणाला. "पावसात थोडं कमी मिळेल."
पाऊस तर इथे असतोच, मी म्हणाले.
"असतोच," तो म्हणाला.
खाली कोंबड्या कलकलत होत्या,
त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"आणि ही फट?"
त्याने शेंड्यांकडे पाहिलं, हनुवटी खाजवली.
सहा वर्षं. उन्हाळे गारठले तर सात.
करार अठरा महिन्यांचा.
माझं पेन्शन आठ वर्षांवर.
मधलं जे उरतं
ते तेव्हाचं तेव्हा.

सही मी वरच केली, पत्र्यावर कागद ठेवून,
पेन उताराला घसरत होतं
म्हणून आडनावाला शेपटी लांब आली.

फिन्टन कुंपणावर कोपरं टेकून हे सगळं बघत होता,
हिरव्या बाजूने.
"याचं बरं आहे का गं?" त्याने हळूच विचारलं.
"माझं संध्याकाळी पार गळून जातं."

मॅलकीने शिडी उचलली होतीच.
ती त्याने पलीकडे टेकवली.