डुकराचाही रविवार

वावाऊ बेटावर सहा दिवस टकटक चाले.
माझी आत्या कालोलाइने
तुतीची साल ओंडक्यावर पसरून बडवत बसे,
वीतभर सालीचं हातभर कापड होईतो.
शेजारी फुसी, पलीकडे लोसाना,
साऱ्या आळीचा एकच ठोका.

शनिवारी दिवे लागले की तो थांबे.
लग्न तोंडावर असो, कापड चार बोटं कमी असो,
आत्या दांडका पुसून खाटेखाली सारी.
म्हणे, उरलेलं उरू दे.
सातव्या दिवशी देव थांबला, तो काय
त्याला पुढचं काही सुचेना म्हणून?

मला रविवार कानाने कळायचा.
आधी ती शांतता, मग घंटा,
मग उमूचा धूर:
खड्ड्यात तापलेले दगड,
अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि मटण,
वर केळीची पानं, वर माती.
आपण देवळात, आणि जेवण जमिनीत
आपलं आपण शिजतंय.
बघ, आत्या म्हणे, हात न लावता
काय काय होतं.

त्या रविवारी मी नऊ वर्षांची.
पाळक मानासे रानातल्या मान्न्याबद्दल सांगत होते,
रोजचं रोज वेचायचं, साठवलं की किडे,
तेवढ्यात खिडकीतून किंकाळी आली.
पाण्याच्या टाकीसाठी खणलेल्या खड्ड्यात
सातेकीकाकाचं डुक्कर पडलं होतं.

बाकं एकमेकांकडे बघू लागली.
कुणी कुजबुजलं, उद्या काढू.
मानासेंनी कमरेची चटई सोडली,
हो, देवापुढे जाताना बांधतात तीच,
घडी करून व्यासपीठावर ठेवली
आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी खड्ड्यात उतरले.
खालून त्यांचा खांदा, वरून आमचा दोर,
मध्ये डुकराचा आकांत.
उपदेश तिथेच संपला.
त्याहून बरा शेवट त्यांना सापडलाही नसता.

गुरुवारी लोसानाच्या घरी लग्न.
पानात तेच डुक्कर, खरपूस.
मी पान सारलं. विचारलं,
मग काढलंच कशाला?
काका हसला. आत्या हसली नाही.
आमच्यात बापाच्या बहिणीपुढे कुणी ब्र काढत नाही,
पण त्या दिवशी तीच जरा थांबली.
म्हणाली, बैलाला, गाढवाला, घरच्या गड्याला,
दारी आलेल्या परक्याला,
सगळ्यांनाच तो दिवस नेमून दिलाय, लिहिलेलं आहे.
गुरुवार आपला. रविवार त्याचाही होता.

मला पटलं नाही.
अजून नीटसं पटत नाही.

आता ऑकलंडला म्हाताऱ्यांच्या आश्रमात
मी रात्रपाळी करते.
इथे रविवार नसतो, पाळ्यांचा तक्ता असतो.
मला मंगळवार सुटतो.
मंगळवारी फोन पिठाच्या डब्यात ठेवते,
रताळी मंद आचेवर, वर झाकण,
झाकणावर पाटा नाही म्हणून एक जाडजूड वीट,
आणि मध्ये उघडून बघत नाही.
बघावंसं फार वाटतं.

शेवटच्या खोलीत मिस्टर पेथरिक, जन्मभर सुतार,
नव्वदी ओलांडलेले.
पहाटे चारला उठून बसतात,
पलंगाखाली पायाने चपला चाचपतात,
विचारतात, आज मी काय करायचंय?

औषधांच्या वहीत याचं उत्तर नाही.
मी शेजारी टेकते.
त्यांची बोटं चादरीवर ठोकत राहतात,
टक, टक,
खिळा कुठे, हातोडी कुठे, त्यांनाच ठाऊक.
मी हात धरून थांबवत नाही.
थोड्या वेळाने सांगते,
बुधवार असो, शुक्रवार असो,
मिस्टर पेथरिक, आज रविवार आहे.

असं होय, म्हणतात,
आणि कुशीवर वळतात.