स्केल नेस, अकरा ऑक्टोबर

वारा पूर्वेचा. समुद्रावर धुकं.
दीपगृहाच्या भोंग्यानं रात्रभर
कुणाचा डोळा लागू दिला नाही.

सहाला विल्फ गार्बट दिव्याची पेटी उघडतो.
आत अंड्यांचे रिकामे ट्रे, उपडे,
त्यांच्या खळग्याखळग्यांत रात्र अंग चोरून बसलेली.
तो एकेक उलटतो, श्वास आवरून मोजतो:
चंदेरी वाय, चाळीस.
शेवाळी हिरवं एक,
ओकची सालच उडून आली म्हणावं असं.
आणि कोपऱ्यात बोटभर लांब, राखाडी,
कुठल्याशा दक्षिणेहून आलेलं हॉकमॉथ,
जागच्या जागी थरथरतंय,
थंडीत मोटार तापवावी तसं.

डोरीन जाळ्यांपाशी.
काटेरी झुडपांत पहाटेपासून गोल्डक्रेस्ट,
माणसाला भ्यायचंही त्राण नसलेले.
एकाला ती पिशवीतून तराजूवर ठेवते.
पाच ग्रॅम.
"वीस पेन्सचं नाणं," म्हणते,
"आणि एवढ्यात अख्खा उत्तर समुद्र."
दरवर्षी म्हणते.
दरवर्षी आम्ही जरा गप्प होतो.

तेवढ्यात पेटीवर रॉबिन.
एक चंदेरी वाय उचलला, आपटला, गिळला,
पंख तेवढे गवतावर.
"हा आपला गावगुंड!" विल्फ टोपी उगारतो.
"जन्मला इथं, मरेल इथं,
आणि जेवतो पाहुण्यांना."

नऊला गावगुंड जाळ्यात.
डोरीन त्याचा पाय बोटांत धरते.
कडी आहे. आमची नाही.
भिंग लावून मी अक्षरं वाचते, सावकाश,
कारण धातू घासलाय:
स्टाव्हँगर. नॉर्वे.
छातीचं हाड सुरीसारखं वर आलेलं.
चरबीच्या रकान्यात शून्य.

विल्फ चष्मा काढतो. पुसतो. घालतो.
"मग आपला कुठला?"
कुंपणात कुणीतरी टिक् टिक् करतं,
ते उत्तर नव्हे.

डोरीन मूठ उघडते.
तो जातो, फार लांब नाही,
पेटीच्याच काठावर बसतो.
विल्फची टोपी डोक्यावरच राहते.

चहाच्या वेळी वही माझ्याकडे.
"चाळीस खोड," विल्फ सांगतो,
"एकोणचाळीस कर."
मी पेन उचलते.
"नको, थांब," म्हणतो खिडकीतून बघत,
"आले तर चाळीसच होते."