जाणूनबुजून

कलम छोटंच आहे, अडीच ओळींचं.
भरपाई मिळेल, चूक कुणाचीही असो;
बदल्यात मालकावर दावा नाही.
मग एक 'मात्र', आणि त्याच्या पाठीला लागून एक शब्द:
मालकानं इजा जाणूनबुजून केली असेल, तरच
कोर्टाचं दार.

आर्लो निस्कानेनचा उजवा हात
ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या लाकूड गिरणीत
साल सोलणाऱ्या यंत्रात गेला.
मंगळवार, दुसरी पाळी, अडकलेला ओंडका.
यंत्रावर जाळी असायला हवी होती.
जाळी सहा महिने भिंतीला टेकून उभी होती,
तिच्यावर रेनकोट वाळत घालायचे.
जाळी असली की ओंडका अडकल्यावर
अकरा मिनिटं लाईन बंद.
ही अकरा मिनिटं मॅनेजरच्या वहीत आहेत, निळ्या शाईत,
शेजारी गुणाकार.
गुणाकार बरोबर आहे.

भरपाई खात्याकडे तक्ता असतो.
अंगठ्याला इतके आठवडे, करंगळीला इतके;
मनगटापासून गेला तर बेरीज करायची नाही,
निराळी ओळ आहे.
आर्लोनं ती ओळ बोट ठेवून शोधली.
डावं.

वकीलबाई हेस्टर क्विंटाना शब्दाची फोड करतात:
जाणून, म्हणजे ठाऊक असून.
ठाऊक होतं, ही वही पाहा.
या दोन तक्रारी पाहा, एक आर्लोच्याच अक्षरात,
तेव्हाच्या अक्षरात.
समोरचे म्हणतात, बाई अर्धाच शब्द वाचतात.
जोडून आलाय, जोडूनच वाचा.
भरती येणार हे ज्याला ठाऊक
तो काही भरती आणत नाही.

मग तळघरातून शब्दकोश येतो,
कायदा झाला त्या काळचा,
कारण अर्थ त्या दिवशीचाच धरायचा असतो,
बंद पडलेल्या घड्याळातली वेळ धरावी तसा.
समितीचं टिपणही सापडलं:
अर्धं पान भाषण,
उरलेल्यावर जेवणाच्या सुट्टीची नोंद.

उलटतपासणी.
"तुमचा हात तुटावा असं फोरमन डेल प्रुइटला वाटत होतं?"
हेस्टरबाईंनी किती पढवलं होतं,
त्याच्या मनातलं मला काय ठाऊक, एवढंच म्हणा.
आर्लो बराच वेळ खिडकीकडं बघतो.
"नाही," म्हणतो.
"डेल हॉस्पिटलात सूप घेऊन आला होता, माशाचं.
डब्याचं झाकणही त्यानंच काढून दिलं.
मला निघत नव्हतं ना."
स्टेनोची बोटं, दहाच्या दहा,
हे उतरवून घेतात.

मी तो शब्द रात्री पुन्हा वाचतो.
जाणून. बुजून.
बुजतं ते घोडं: काही दिसलं की
मान फिरवतं.
डेलला दिसलं होतं.
त्याच्या वरच्याला दिसलं होतं, आकड्यांत.
मग याला दुसरं काय म्हणायचं?
पण अशी फोड कुठल्याच कोशात नाही,
आणि व्युत्पत्ती जाणणारा कुणी
हे ऐकून हसेल, मला माहीत आहे.

निकाल दोन विरुद्ध एक.
दोघे म्हणाले, कठोर वाटेल,
पण शब्द वाकवणं आमचं काम नाही.
तिसऱ्या न्यायाधीशबाईंनी तो गुणाकार
जसाच्या तसा छापला, आणि खाली एकच वाक्य:
हा हेतू नसेल, तर हेतू कशाला म्हणतात ते कळवावं.
कुणी कळवलेलं नाही.

अपघाताच्या आठवड्यातच, शुक्रवारी,
जाळी बसली होती. चार बोल्ट, पिवळा रंग,
रेनकोटसाठी भिंतीत वेगळा खिळा.
हे कोर्टात सांगता आलं नाही.
नंतरची दुरुस्ती आधीच्या चुकीचा पुरावा होत नाही,
असा नियम; नाहीतर दुरुस्ती करणार कोण?
आर्लोला हा नियम पटला.
"तिथं आता कोण उभं राहतं?" एवढं त्यानं विचारलं.
हेस्टरबाईंनी नाव सांगितलं, कुणी कोवळा पोरगा.
त्यानं मान हलवली.
मग म्हणाला,
डेलचा डबा द्यायचा राहिलाय.